आजोबांची बंदूक अजून चालते, मग नवी दोन पावसाळ्यांत का बसते?

घाटाखालचा (लांजा)

मंडळी, रागाच्या भरात धागा काढतोय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

आमची लांज्याकडे काजू-आंब्याची बाग. शेतीसंरक्षणाचा परवाना आजोबांपासूनचा. मुंबईला गोदीत असताना त्यांनी एक एकनळी बारा बोअर सेकंडहँड घेतली होती, बर्मिंगहॅमची. घोडा बाहेरून दिसणारा, दस्त्याला एका ठिकाणी पितळेची पट्टी ठोकलेली. वर्षाला आठ-दहा बार काढते आणि परत कपाटात जाते. आजवर तिने एकदाही दगा दिलेला नाही.

तिला विश्रांती द्यावी म्हणून तीन वर्षांपूर्वी नवी घेतली, देशी बनावटीची. कारखान्याचं नाव लिहीत नाही. पहिल्या पावसाळ्यात नळीचा काळा रंग गेला. जिथे जिथे बोटं लागली तिथे तांबडं. दुसऱ्या पावसाळ्यात लाकूड फुगलं, पुढचा दांडा निघेना. कसाबसा काढला तर परत बसेना. यंदा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारी आकडी, काडतुसाच्या कडेवरून सटकायला लागलाय. म्हणजे बार काढला की खिशातल्या किल्लीने रिकामं काडतूस उचकटायचं. रानडुक्कर तोवर काय थांबतंय?

मग चार रात्री जागून वाचलं की हे जगात इतरत्रही होतं का. होतं, आणि मोठमोठ्या नावांचं होतं. विंचेस्टरचं उदाहरण तर शिकाऱ्यांच्या तोंडी म्हणीसारखं आहे. त्यांची मॉडेल ७० रायफल १९३६ ची. १९६४ मध्ये कंपनीने खर्च कापायला तिची घडणच बदलली. काडतुसाची कड आधीपासून पकडून आत नेणारा मोठा पंजा काढून टाकला, लाकडावरची हाताने कोरलेली जाळी गेली आणि तिच्याजागी दाबून उठवलेली नक्षी आली. तेव्हापासून अमेरिकेत 'चौसष्टच्या आधीची' म्हटलं की भाव चढतो.

दुसरं मार्लिन. १८७० ची कंपनी, लिव्हर ओढून भरायच्या रायफली करणारी. २००७ मध्ये सर्बेरस नावाच्या गुंतवणूक फंडाने रेमिंग्टन ही बंदूककंपनी घेतली, आणि लगोलग रेमिंग्टनने मार्लिन. मग मार्लिनचा नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करून मशिनरी न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला हलवली. पिढ्यान्‌पिढ्या काम करणारी माणसं मागेच राहिली. त्यानंतर निघालेल्या रायफलींची नेमाची माशी वाकडी, लाकूड आणि लोखंडात फट, लिव्हर अडखळणारी. गिऱ्हाइकांनी दोन्ही नावांची भेसळ करून तिला 'रेमलिन' म्हणायला सुरुवात केली. शिवीच ती. पुढे १८१६ पासूनची रेमिंग्टनसुद्धा २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली आणि तुकड्यातुकड्यांनी विकली गेली.

माझं म्हणणं सरळ आहे. दर्जा कारागिराच्या हातात असतो. विकत घेणाऱ्याला कंपनीत फक्त नाव दिसतं. तो कारागीर घालवतो, नाव ठेवतो. मग आपल्यासारखा कोणीतरी किल्लीने काडतूस उचकटत बसतो.

पटतंय का? नसेल तर ठोका.

---

दुर्बीण (अलिबाग)

ठोकतो. बहुतेक मुद्द्यांशी असहमत.

मी बारा वर्षं रेंजवर नेम धरतोय. आजोबांची बंदूक चालते हा पुरावाच होत नाही. आजोबांच्या काळात विकल्या गेलेल्या ज्या बंदुका फुटल्या, झिजल्या, गंजून भंगारात गेल्या, त्या आज तुमच्या कपाटात नाहीत म्हणून दिसत नाहीत. जुन्या घरांचंही तसंच आहे. उभी आहेत ती बघून आपण म्हणतो, काय बांधकाम होतं! पडलेल्यांचा चिरा केव्हाच शेजाऱ्याच्या गडग्यात गेलेला असतो.

विंचेस्टरची गोष्ट तुम्ही अर्धी सांगितलीत. १९६२ मध्ये रेमिंग्टनने मॉडेल ७०० काढली. तिचा रिसीव्हर (नळीमागचा मूळ सांगाडा) गोल सळईतून लेथवर काढलेला, रिकॉइल लग (बाराचा धक्का लाकडावर घेणारा ठोकळा) म्हणजे वेगळी चकती मध्ये दाबलेली, एक्स्ट्रॅक्टर पत्र्याचा. स्वस्तातली युक्तीच सगळी. पण नेम असा की तिच्याच घडणीवर पुढे अमेरिकी मरीनची एम४० आणि लष्कराची एम२४ या स्नायपर रायफली झाल्या. विंचेस्टरला तिच्याशी स्पर्धा करायची होती. १९६४ नंतरच्या मॉडेल ७० नेमात आधीच्यांना हरल्या असंही नाही. दिसायला गरीब झाल्या, हाताला लागेनाशा झाल्या. तो वेगळा प्रश्न.

आणि कारागिरांच्या हाती कंपनी दिली की दर्जा राहतो, असं जर म्हणायचं असेल तर हेही वाचा: १९८१ मध्ये मालक ऑलिन कंपनीने विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना तिथल्याच कामगारांना विकला. १९८९ मध्ये तो दिवाळखोरीत गेला. काढून टाकलेला तो पंजा परत आला ९० च्या दशकात, बेल्जियमच्या एफएनकडे मालकी गेल्यावर.

आपल्याकडच्या जुन्या परदेशी बंदुकांच्या भावाबद्दलही भ्रम नको. सामान्य परवानाधारकाला बाहेरून बंदूक मागवणं ८० च्या दशकाच्या मध्यात बंद झालं. तेव्हापासून देशात आहेत तेवढ्याच विलायती वेब्ली, तेवढ्याच ग्रीनर. दुर्मिळ झाल्या म्हणून लाखांत गेल्या, आणि लाखांत गेल्या म्हणून चांगल्या ठरल्या. हापूसच्या पहिल्या पेटीसारखं. तिचा भाव चवीचा असतो का?

---

वेंगुर्ल्याचो झील

आमच्या वाडयेत अजून ठासणीची असा. तेका कंपनी नाय, मॉडेल नाय, वॉरंटी नाय. आज्यान ठासली, बापाशीन ठासली, आता मी ठासतंय. दर्जा घसरूक आधी दर्जा असूक व्हयो मां! तरास एकच. पावसात केप (बार पेटवणारी टिकली) भिजली काय घोडो नुसतो 'टक' करता आणि डुकर वळान बगता.

बाकी माका एक सांगा भावानू, आजोबांची बंदूक कपाटात कापडात गुंडाळून ठेवतास. नयी खय ठेवतास?

---

घाटाखालचा (लांजा)

@झील, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. नवी पडवीच्या कपाटात असते, कुलपात. भिंतीला ओल आहे. पण एक्स्ट्रॅक्टर काही ओलीने सटकत नाही.

@दुर्बीण, पडलेल्या घरांचा मुद्दा मान्य. पण मार्लिनचं काय? तिथे जुनं-नवं असा साठ वर्षांचा फरक नव्हता. तेच मॉडेल, तेच ड्रॉइंग, बरीचशी तीच मशिनं, आणि दोन-तीन वर्षांत माल बिघडला. तिथे 'वाईट होत्या त्या मोडीत गेल्या' कसं म्हणणार?

---

खेर्डीचा टर्नर (चिपळूण)

बंदूक आयुष्यात हातात धरली नाही. लेथ मात्र चौतीस वर्षं. त्यामुळे मार्लिनचा प्रकार वाचून हसू आलं आणि जरा रडूही आलं, कारण आम्ही हेच केलंय.

९० च्या दशकात आमच्या तेव्हाच्या कंपनीने (नाव सोडा) ठाण्याचं एक खातं इकडे हलवलं. मशिनं ट्रकने आली, फिक्स्चर (पीस धरून ठेवणारे साचे) आली, ड्रॉइंगचा गठ्ठा आला. माणसं आली नाहीत. ठाण्यात घर, पोरांच्या शाळा, कोण येणार? पहिल्याच लॉटमध्ये शंभरातले तीस पीस पुढे बसेनात. सगळे आम्हाला शिव्या घालतायत, आणि आम्ही मायक्रोमीटर दाखवतोय की बघा, ड्रॉइंगप्रमाणे बरोबर १२.०० आहे. शेवटी ठाण्याच्या त्या जुन्या ऑपरेटरला गाडी पाठवून आणला. त्याने पीस बघितला आणि म्हणाला, "बारा कशाला काढता? मी कायम पाच शतांश कमी ठेवायचो. पुढचं फिक्स्चर झिजलंय ना."

वीस वर्षं तो माणूस दुसऱ्याच्या फिक्स्चरची झीज आपल्या हाताने भरून काढत होता, आणि ते कुठल्याही कागदावर नव्हतं. मार्लिनकडेही जुनी, झिजलेली मशिनं आणि प्रत्यक्षाशी न जुळणारी ड्रॉइंग होती असं म्हणतात. मला वेगळा पुरावा नको.

इथवर मी घाटाखालच्यांच्या बाजूने. आता विरुद्ध बोलतो.

२०२० च्या लिलावात मार्लिन रुगर या दुसऱ्या अमेरिकी बंदूककंपनीने घेतली, सुमारे ३ कोटी डॉलरला. त्यांनी काय केलं? जुने कारागीर शोधत फिरले नाहीत. सामान नॉर्थ कॅरोलायनातल्या मेयोडनला नेलं, भागांची मापं नव्याने घेतली, नव्या सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशिनांवर) बसवली, साधारण वर्षभर बाजारात एक रायफल सोडली नाही. २०२१ च्या शेवटी पहिल्या निघाल्या. लोक म्हणतात, फंडाच्या काळातल्यांपेक्षा कितीतरी सरस, काहींच्या मते तर नॉर्थ हेवनच्या चांगल्या दिवसांपेक्षाही.

मग तुमचा 'कारागिराचा हात' कुठे गेला? त्या कारखान्यात तो हात नव्हताच. होतं ते एवढंच: कोणीतरी वर्षभर थांबायला तयार होतं. आमच्या कंपनीला ट्रक उतरल्याच्या तिसऱ्या आठवड्यात माल हवा होता.

ठाण्याच्या त्या म्हाताऱ्याचं कौतुक करायचं की त्याने वीस वर्षं फिक्स्चरची तक्रार केली नाही म्हणून त्याला धरायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

---

कोकमसरबत (गुहागर)

घाटाखालचे दादा, एवढ्या अमेरिकेच्या गोष्टी वाचल्या, आता जरा घरचं. आमच्याकडेही परवाना आहे, सासऱ्यांच्या नावावरून यांच्या नावावर आलेला. २०२४ मध्ये आधी लोकसभेची निवडणूक म्हणून मार्चमध्ये बंदूक पोलीस ठाण्यात जमा. जूनमध्ये मिळाली तेव्हा पाऊस सुरू झालेला. आणून पुसते-ना-पुसते तोवर विधानसभा, परत जमा. दोन्ही वेळा गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुकांच्या चळतीत उभी. गोणपाट ओल धरतं हे कोकणात पोराला कळतं. परत आली तेव्हा नळी हरणासारखी ठिपक्याठिपक्यांची. आता यात कंपनीचा दोष किती आणि गोणपाटाचा किती, मला सांगा.

आमचे हे वर खोबरेल लावतात. महिन्याभरात ते चिकट होऊन त्यावर धूळ बसते. मी शिलाई मशीनचं तेल लावते, पातळ. निदान पुसता येतं.

आणि खरं सांगू? वानरांना बंदुकीचा दर्जा कळत नाही. पहिल्या बाराला पळतात, तिसऱ्याला आंब्यावर बसून बघतात.

---

इलियन_ते_इशापूर (खेड)

जय हिंद. फौजेत २६ वर्षं काढून गावी आलोय. आयडी नुकताच, हा धागा वाचूनच घेतला, म्हणून असा.

चर्चा सगळी शिकारी बंदुकांवर आहे. खरा हिशोब जवानाच्या हातातल्या रायफलीचा. इन्सास ९० च्या दशकात आली, ५.५६ ची. कारगिलमध्ये १९९९ साली थंडीत मॅगझिनं तडकणं, तीन-तीन गोळ्यांच्या बर्स्टवर ठेवली असता सलग फायर सुरू होणं, तेल डोळ्यात उडणं, या तक्रारी पुढे सगळ्या देशाने वाचल्या. २००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानेही तक्रार केली. मी कारगिलला नव्हतो, त्यामुळे ऐकीव शौर्य सांगणार नाही.

पण हे लक्षात घ्या. इन्सास जिथे बनली त्याच बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीने ६० च्या दशकात जुन्या .३०३ च्या घडणीवर ७.६२ ची २ए१ काढली होती, त्यासाठी पोलाद सुधारून. एसएलआर ही लष्करी रायफलही तिथलीच. जड होती, लांब होती, पण तिच्याविषयी मेसमध्ये कधी कोणी कुरकुर केलेली मी ऐकली नाही, वजन सोडून. कारखाना तोच, कारागीर त्यांचीच पोरं. कोणता फंड आला होता इशापूरला? कोणी विकत घेतलं होतं? कोणी नाही. सरकारी कारखाना, सरकारी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला दुसरं दुकान नव्हतं. आवडो न आवडो, घ्यायचंच.

टर्नरसाहेब म्हणतात तिकडे थांबायला कोणी तयार होतं. मी त्यात एक भर घालतो: परत पाठवायला कोणीतरी असावं लागतं. २०१९ मध्ये लष्कराने बाहेरून ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या, त्याच वर्षी उत्तर प्रदेशात कोरव्याला रशियन भागीदारीत एके-२०३ चं ठरलं. तेव्हा कुठे गिऱ्हाइकाच्या हातात दुसरा पर्याय आला. पुढे १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ आयुध कारखान्यांच्या ७ कंपन्या केल्या. पाटी बदलली. माल बदलला का, ते तुमच्यासारखे परवानेवालेच सांगतील, कारण आम्ही तर पेन्शनीत.

---

दुर्बीण (अलिबाग)

सुभेदार (सुभेदारच ना?), हा मुद्दा मला पटला, आणि तो घाटाखालच्यांच्या म्हणण्यापासून बराच लांब आहे. मक्तेदारी आणि फंड ही दोन वेगळी दुखणी आहेत.

रुगरवरून आठवलं. १९४९ ची कंपनी. तिच्यावर पहिली चाळीस वर्षं टीका काय होती, तर 'ओतीव माल'. घडवलेल्या पोलादाच्या ऐवजी साच्यात ओतून भाग करायचे, मशीनिंग कमी, खर्च कमी. कोल्ट, स्मिथ अँड वेसनवाले नाकं मुरडायचे. पण रुगरने डिझाइनच ओतकाम गृहीत धरून केलं, जिथे गरज तिथे भिंत जाड ठेवली. आज त्यांच्या रिव्हॉल्वरना लोक रणगाडा म्हणतात. तेव्हा 'स्वस्त पद्धत म्हणजे घसरण' हे डोक्यातून काढा. जुनं डिझाइन ठेवायचं आणि त्यात स्वस्त पद्धत कोंबायची, तिथे माती होते. विंचेस्टरच्या १९६४ नंतरच्या मॉडेल ९४ मध्ये नेमकं तेच झालं. घडीव भागाच्या जागी पत्र्याचा काडतूस उचलणारा, आणि रिसीव्हरचा धातू असा की रंग गेला तर साध्या ब्ल्यूइंगने (पोलादाला काळा रंग द्यायच्या प्रक्रियेने) परत धड चढत नाही.

हाताच्या कामाचं गारूडही तपासून घ्या. कोल्टची पायथॉन १९५५ ते २००५ निघाली, प्रत्येक हाताने बसवलेली, घोडा ओढताना लोण्यासारखी. पण जास्त वापरली की चक्र नळीसमोर नीट थांबेनासं व्हायचं, आणि ते बसवणारा मिस्त्री शोधत फिरावं लागायचं. २०२० मध्ये नवी काढली. सुरुवातीला काहींमध्ये काडतूसच फुटत नाही अशा तक्रारी आल्या, त्या निस्तरल्या. आता आतले भाग कमी, फ्रेम मजबूत, आणि मिस्त्रीची गरज जवळपास नाही. कुठली चांगली? काचेच्या कपाटासाठी जुनी.

---

घाटाखालचा (लांजा)

टर्नरकाका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. रुगरच्या बाबतीत हरलो, कबूल. कारागीर नसताना माल चांगला निघाला, तेव्हा 'हात' म्हणून जे मी मिरवत होतो ते तितकंसं खरं नाही.

पण दुर्बीण, तुमच्या उदाहरणांतूनच मला दुसरं दिसतंय. रेमिंग्टन स्वतः घ्या. मॉडेल ७०० स्वस्त घडणीची आणि उत्तम, मान्य. त्याच रायफलीच्या वॉकर ट्रिगरबद्दल, चाप न ओढता बार उडतो, अशा तक्रारी कित्येक दशकं येत राहिल्या. कोर्टबाजी झाली, शेवटी ट्रिगर फुकट बदलून द्यायची तडजोड झाली. हा दोष फंड यायच्या कितीतरी आधीचा! म्हणजे माझी 'फंडाने वाटोळं केलं' ही गोष्टही अपुरी. आणि रेमिंग्टनचीच ८७० ही पंपगन (पुढचा दांडा मागे-पुढे ओढून भरायची) १९५० ची, कोटीच्या वर खपलेली. तिच्या स्वस्त एक्स्प्रेस प्रकाराच्या खरबरीत काळ्या रंगावर लगेच गंज धरतो, ही अमेरिकेत कोरड्या हवेत राहणाऱ्यांचीही तक्रार. आपल्या खाडीच्या वाऱ्यात तिचं काय होईल!

माझा आता मुद्दा असा: कारखान्यात एक माणूस असा पाहिजे की जो म्हणेल 'हा पीस दाराबाहेर जाणार नाही', आणि त्याचं ऐकलं गेलं पाहिजे. मार्लिनमध्ये त्याला काढला. सुभेदारसाहेब म्हणतात तसं गिऱ्हाइकाने तो व्हायचं, पण गिऱ्हाइकाला दुसरं दुकान नाही. माझ्या नव्या बंदुकीचा एक्स्ट्रॅक्टर कोणीतरी तपासून पास केलाच असेल ना? त्याची सही असेल कागदावर.

---

खेर्डीचा टर्नर (चिपळूण)

सही असते. सह्या आम्हीपण केल्यात. महिनाअखेर असते तेव्हा सही कशी होते ते मला विचारू नका.

---

जुना_बाजार (रत्नागिरी)

सगळं वाचलं. इतक्या प्रतिसादांत कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. घाटाखालचे, तुम्ही आजोबांच्या बंदुकीत काडतूस कुठलं घालता?

मी कोल्हापुरात एका शस्त्रविक्रेत्याकडे अकरा वर्षं काम केलंय. दर दिवाळीनंतर एखादी तरी अशी 'कधी दगा न दिलेली' बंदूक यायची. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

त्या काळातल्या बर्मिंगहॅमच्या बहुतेक बारा बोअरचं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिमी. आज दुकानात मिळतं ते बहुतेक ७० मिमीचं. गोम अशी आहे की ही ७० मिमी म्हणजे बार उडाल्यावर तोंड पूर्ण उलगडल्यानंतरची लांबी. भरलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे आखूड असतं. म्हणून ते जुन्या चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं, बंदूक बंद होते, आपण म्हणतो वा! बार उडाला की ते तोंड उलगडून चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात शिरतं. छऱ्यांची वाट तिथे चिंचोळी होते आणि दाब वाढतो. एका बाराने काही होत नाही. पन्नासाव्याने कुलूप सैल पडतं. त्यापुढे काय ते लिहीत नाही.

नळी दांड्यापासून सोडवा आणि तिच्या खालच्या बाजूला, मागच्या सपाट भागावर भिंगातून बघा. तिथे प्रूफचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. प्रत्येक नळीत जादा भाराचं काडतूस उडवून, टिकली तर शिक्का मारायचे. 'नायट्रो प्रूफ' लिहिलंय का? २½ दिसतंय का? नायट्रो नसेल तर ती काळ्या दारूसाठीच तपासलेली, आजच्या काडतुसासाठी नाही. आणि नळी पुसल्यावर नागमोडी वेलबुट्टी उमटत असेल तर पट्ट्या वळून केलेली दमिश्की नळी आहे. भिंतीवर टांगा, नमस्कार करा.

तुमच्या नव्या बंदुकीबद्दल: एक्स्ट्रॅक्टर सटकण्याची कारणं दोन. एक, खरंच त्याची धार खराब काढली आहे. दोन, चेंबर घाण आहे, फुगलेलं काडतूस अडकून बसतं आणि एक्स्ट्रॅक्टर ओढून ओढून सटकतो. प्लॅस्टिकचा पातळ थर जमतो चेंबरमध्ये. ब्रश मारून बघितलाय का कधी?

---

घाटाखालचा (लांजा)

आत्ता भिंग घेऊन बसलो होतो.

आजोबांची: मुकुटासारखा शिक्का, खाली अक्षरं झिजलेली, पण २½ स्पष्ट. 'नायट्रो' मलातरी दिसलं नाही. मुलाला दाखवलं, त्यालाही नाही. वेलबुट्टी नाही. गेली कित्येक वर्षं मी तिच्यात ७० मिमीची घालतोय. बाबाही घालत होते. हात थोडे थरथरतायत टंकताना.

नवीच्या चेंबरमध्ये ब्रश मारला. फडक्यावर हिरवट-काळा मळ निघाला, पुष्कळ. रिकामी केस घालून चार वेळा उघडझाप केली, चारही वेळा बाहेर ओढली. पाचव्यांदा सटकली. म्हणजे दोन्ही कारणं आहेत, असं माझं मत.

दांडा मात्र अजून बसत नाही, त्याचं खापर मी कारखान्यावरच फोडणार.

---

दुर्बीण (अलिबाग)

पाचापैकी चार! धागा काढायच्या आधी ब्रश मारला असता तर आम्ही एवढं टंकलं नसतं. :)

पण लाकडाबद्दल तुमच्या बाजूने. न मुरलेलं लाकूड, आणि आतल्या खाचेत तेलाचा हात नाही. बाहेरून पॉलिश, आतून कोरडं. ते पाणी पिणारच. त्याला ओलीचं कारण देता येत नाही, कारण ओल ही देशात कुठेतरी असणारच हे कारखान्याला माहीत असायला हवं.

---

कोकमसरबत (गुहागर)

सावंतवाडीच्या लाखकामाच्या खेळण्यांचं बघा. तिथेही बाजारात आता आतून कोरडं, वरून ऑइलपेंट असलेलं येतं. भावलीचा हात फुगून निघतो. बंदुकीला वेगळा न्याय कशाला?

अवांतर: चेंबरचा ब्रश कुठे मिळाला? आमच्याकडे यांनी बाटली धुवायचा वापरलाय.

---

जुना_बाजार (रत्नागिरी)

@कोकमसरबत, बारा बोअरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश शस्त्रविक्रेत्याकडे मिळतो. बाटलीचा नको, तार तुटून आत राहते.

@घाटाखालचे, आजोबांची बंदूक आजपासून बंद. कोणी 'चेंबर वाढवून देतो' म्हणालं तर देऊ नका, नळीची भिंत तिथे पातळ होते. विक्रेत्याकडे नेताना परवाना बरोबर ठेवा. दांडा घासून घ्यायला तो मिस्त्री पाठवेल, पण पावसाळा संपून लाकूड सुकल्यावर. आत्ता घासलं तर मार्चमध्ये खुळखुळेल.

---

घाटाखालचा (लांजा)

गणपती झाले की कोल्हापूर. दोन्ही घेऊन जातो.

---

वेंगुर्ल्याचो झील

मगे तवसर डुकरांका काय सांगतलास? एक बंदूक नायट्रो नाय म्हणान बंद, दुसरी पाचव्या बाराक अडता. माझी ठासणीची हुयी तर सांगा. परवानो माझ्या नावाचो, म्हणान बंदुकेवांगडा माका पण जेवूक घालूचा लागतला.

---

इलियन_ते_इशापूर (खेड)

केपा कोरड्या डब्यात आणा.